गाडी पाच महिने उभी राहणार आहे, बॅटरीचं काय करू?

तिरफळ
नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी ऑक्टोबरच्या सुरुवातीला जर्मनीला जातेय, परत येईन ती मार्चात. तोवर गाडी वाकडला सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी राहणार. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, बटन स्टार्ट, बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास), बदलून अडीच वर्षं झालीत. घरात दुसरं कोणी चालवणारं नाही. शेजारचे काका म्हणतायत की किल्ली देऊन जा, मी दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवीन, काही होत नाही बॅटरीला. ऑफिसातला एकजण म्हणतो टर्मिनल काढून ठेव, दुसरा म्हणतो टर्मिनल काढलंस तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडेल, आणि तिसऱ्याने सोलर पॅनलची लिंक पाठवलीय. बेसमेंटला सोलर!! प्लग पॉइंट जवळपास नाही, सेक्रेटरींना विचारलं तर "पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ" म्हणाले, म्हणजे झालंच कल्याण. तर नक्की करू काय?

रिकामा_डबा
सोपंय की. काकांना किल्ली द्याच, पण चालू करून ठेवा असं न सांगता चक्कर मारून या म्हणून सांगा. रविवारी सकाळी हिंजवडीपर्यंत जाऊन यायचं, तेव्हाच काय तो रस्ता मोकळा असतो. अर्धा-पाऊण तास पळाली की बॅटरी, टायर, ब्रेक सगळंच ठीक राहतं.

तिरफळ
काका ७४ वर्षांचे आहेत आणि काकूंच्या हुकुमावरून त्यांनी स्वतःची गाडीसुद्धा विकून टाकलीय. रस्त्यावर काढणार नाहीत. बेसमेंटमध्ये सेल्फ मारणार आणि बसणार, एवढंच.

वायरमन_कोल्हापूर
ताई, माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान हाय. दिवाळी झाली की आणि मे संपला की अशा उभ्या गाड्यांची रांगच लागती आमच्याकडं. "काय केलंच नाही हो, नुसती उभी होती, तरी बॅटरी गेली कशी?" अहो काय केलं नाही म्हणूनच गेली.

आता काकांच्या दहा मिनिटांचं बघा. सेल्फ मारताना बॅटरीतनं दीड-दोनशे अँपिअर जातंय खरं, पण ते एक-दोन सेकंदच, त्याचा हिशोब केला तर काय फार नाही, लगेच भरून निघतंय. लोकं उगं सेल्फला घाबरतात. आठवडाभर गाडी बंद असताना जे हळूहळू जातंय ते भरायला दहा मिनिटं पुरत नाहीत हा खरा घोळ हाय. आयडलला, म्हंजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, आरपीएम सातशे-आठशे, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) पूर्ण करंट देतच नाही, आणि त्यात काकांनी एसी लावून भक्तिगीतं सुरू केली तर बॅटरीकडं काय शिल्लक राहतंय?

दुसरं म्हंजे इंजिन नीट तापत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साठतंय, ऑइलमध्ये ओल जाती, पेट्रोल गेलं ते वेगळंच. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवून आत बसायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोय, माणसाला कळत पण नाही. ७४ वर्षांच्या माणसाला हे काम अजिबात सांगू नका.

गणिती_बाळ
वायरमनदादांच्या म्हणण्याला आकडे जोडतो, कारण हा दहा मिनिटांचा समज २०२० च्या लॉकडाऊनपासून व्हॉट्सअॅपवर जो फिरतोय तो थांबायचं नाव घेत नाही.

आजकालची गाडी लॉक करून ठेवली तरी आत थोडा करंट चालूच असतो. २० ते ५० मिलीअँपिअर म्हणजे नॉर्मल. आपण ३० धरू. दिवसाला ०.७२ एएच, आठवड्याला पाच, महिन्याला साडेएकवीस. बॅटरी ३५ ची. म्हणजे महिन्याभरात साठ टक्के साफ. पाच महिन्यांचे होतात १०८ एएच, तेवढ्यात अशा तीन बॅटऱ्या रिकाम्या होतील.

आता काकांची बाजू. उतरलेली बॅटरी आयडलला दहा अँपिअर घेतेय असं उदारपणे धरलं (भरत आली की घेणं कमी कमी होत जातं, शेवटचे वीस टक्के तर फारच रडतखडत भरतात) तरी दहा मिनिटांत येणार जेमतेम दीड एएच. गेले पाच, आले दीड. दर आठवड्याला साडेतीनची तूट, पाचेक आठवड्यांत बॅटरी अर्ध्यावर, आणि नोव्हेंबरात काकांचा तुम्हाला फोन की बाळा गाडी नुसती टकटक करतेय.

पेन्शनर_सदाशिव
ही सगळी आजकालची थेरं आहेत. आमच्याकडे फियाट होती, मे महिनाभर गावी जाऊन आलो तरी पहिल्या झटक्यात चालू व्हायची. ॲम्बॅसॅडरला तर पुढून घालायचं हँडलच असायचं, बॅटरी मेली तर मेली. तुमच्या गाड्यांत कॉम्प्युटर जास्त आणि गाडी कमी झालीय.

गणिती_बाळ
काका तुमचं बरोबरच आहे, दिवे घ्या पण तुमच्या फियाटमध्ये बंद असताना करंट खाणारं होतंच काय? फार तर घड्याळ. हिच्या गाडीत रिमोटच्या सिग्नलची वाट बघणारा रिसीव्हर, इमोबिलायझर, अलार्म, म्युझिक सिस्टीमची मेमरी, सगळे अर्धवट जागे. आणि बटन स्टार्टवाल्यांसाठी खास सूचना, घर तळमजल्यावर असेल आणि किल्ली गाडीपासून दोन-चार फुटांवर भिंतीला टांगलेली असेल तर काही गाड्या झोपतच नाहीत, किल्ली जवळ आहे असं समजून जाग्या राहतात.

डॅशकॅम_बंड्या
माझी तर सहा दिवसांत बसते!! महिना वगैरे लांबच राहिलं. बॅटरी नवीन, शोरूममध्ये दाखवली, म्हणे बॅटरी ओके. काहून?

वायरमन_कोल्हापूर
आयडीतच उत्तर हाय की भाऊ. डॅशकॅम पार्किंग मोडवर आहे ना? तो पाव अँपिअरच्या आसपास खातोय, म्हंजे दिवसाला सहा एएच. ३५ ची बॅटरी सहाव्या दिवशी रिकामी होणारच, ती किती का नवीन असंना. एक तर पार्किंग मोड बंद करा नाहीतर वायरिंग करताना व्होल्टेज कटऑफवालं किट लावून घ्या, बॅटरी १२.२ ला आली की ते कॅमेरा बंद करतंय. मी तर १२.४ ला सेट करून देतो. काही जणांनी जीपीएस ट्रॅकर लावलेला असतो, कधी लावला ते पण विसरलेले असतात, ते पण बघा.

घाटमाथा
आणि खरंच कुठे गळतंय ते बघायचं असेल तर मल्टीमीटरने घरी बघता येतं. निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून केबल आणि बॅटरीची निगेटिव्ह पोस्ट यांच्या मधे घालायचा. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, बॉनेट उघडं असलं तर काही गाड्या झोपत नाहीत, म्हणून बॉनेटच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ते बंद आहे असं गाडीला वाटायला लावायचं. दोन, लगेच आकडा वाचायचा नाही. सुरुवातीला एक-दोन अँपिअर दिसतं आणि लोक घाबरून इथे धागा काढतात. अर्धा तास थांबा, एकेक मॉड्यूल झोपत जातं आणि आकडा पायरी पायरीने खाली येतो. माझ्याकडे शेवटी ०.०४ वर येऊन थांबतो. तो नाही आला खाली तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला आकडा धपकन पडतो त्या लाइनीवर चोर. मीटर लावलेला असताना चुकूनही इग्निशन ऑन करू नका, सेल्फ तर नाहीच नाही, मीटरचा फ्यूज जातो.

तिरफळ
बापरे, हे सगळं छान आहे पण मला शोध नाही लावायचा, मला फक्त मार्चात गाडी चालू व्हायला हवीय :) मग टर्मिनल काढणं हाच मार्ग का? आणि ईसीएम उडतो त्याचं काय?

वायरमन_कोल्हापूर
ईसीएम काय उडत नाही. बॅटरी बदलताना टर्मिनल काढतातच की, तेव्हा उडतोय का? उडतोय कधी, तर चालू इंजिनवर टर्मिनल काढलं तर, नाहीतर प्लस-मायनस उलटं लावलं तर. गाडी बंद, किल्ली खिशात, पाचेक मिनिटं थांबा, मग काढा. जाईल काय तर घड्याळ, रेडिओचे स्टेशन, ट्रिप मीटर, काही गाड्यांत काचेचं ऑटो अप परत शिकवायला लागतंय, काच पूर्ण वर घेऊन बटन थोडा वेळ धरून ठेवायचं. आयडलिंग पहिल्या दिवशी जरा वरखाली होईल, मग बसतंय.

कसं काढायचं ते नीट वाचा. दहाचा पाना घ्या. पहिल्यांदा निगेटिव्ह, काळी वायर. नेहमी निगेटिव्हच आधी. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असती. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं की डायरेक्ट शॉर्ट, पाना वेल्डिंग झाल्यासारखा चिकटतोय, अंगठी घातलेली असली तर बोट भाजतंय. निगेटिव्ह निघालं की मग काळजी नाही. उभी ठेवायला एवढंच पुरतंय, पॉझिटिव्हला हात पण लावू नका. निघालेल्या वायरीला कापड गुंडाळा, परत पोस्टला टेकायला नको. मार्चात लावताना घट्ट करा, ढिलं राहिलं की गाडी मधेच बंद पडती आणि लोकं म्हणतात सेन्सर गेला.

आता मेन मुद्दा. काढायच्या आधी बॅटरी फुल भरलेली पाहिजे. अर्धी बॅटरी काढून ठेवली तर काढून काय उपयोग नाही. उतरलेल्या अवस्थेत प्लेटवर सल्फेट बसत राहतंय, ताजं असेपर्यंत चार्जिंगला निघतंय, महिना-दोन महिने तसंच राहिलं की कडक होतंय, मग ती बॅटरी भरती असं दिसतंय पण सेल्फला टिकत नाही. जायच्या आदल्या दिवशी जवळच्या बॅटरीवाल्याकडं नेऊन रात्रभर हळू चार्जिंगला लावा. "दोन तासात देतो" म्हणाला तर नको म्हणा.

गणिती_बाळ
भरली का नाही ते बघायला साधा मल्टीमीटर बास. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काहीही चालू न करता मोजा (चालवून आल्या आल्या मोजलं की आकडा खोटा चढलेला असतो). १२.६ च्या वर म्हणजे फुल. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ ला आली तर पावच उरली. व्होल्टमध्ये फरक अर्ध्या-पाऊण व्होल्टचा पण आत सगळं होत्याचं नव्हतं झालेलं असतं, म्हणून "१२ दाखवतंय ना मग ठीकच आहे" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

बॅटरीवरच्या त्या हिरव्या डोळ्यावर पण फार विसंबू नका. सहा सेल असतात, डोळा एकाच सेलमध्ये बघतो.

टर्मिनल काढूनही बॅटरी स्वतःची स्वतः थोडी उतरतेच, महिन्याला तीन ते पाच टक्के धरा. पाच महिन्यांत फार तर पंचवीस टक्के. १२.६ ची १२.४ होईल. सेल्फ आरामात घेईल.

तिरफळ
ओके हे पटलं. पण बटन स्टार्ट आहे, बॅटरी काढली तर दारं लॉक कशी करू? उघडी टाकून जाऊ?

घाटमाथा
क्रम महत्त्वाचा आहे इथे. आधी आतून बॉनेटचा खटका ओढून बॉनेट उघडं करा. मग सगळी दारं बंद करून रिमोटने लॉक करा. मग निगेटिव्ह काढा, मग बॉनेट लावा. झालं, गाडी लॉक, बॅटरी सुटी. (काही गाड्या बॉनेट उघडं असताना बोंबलतात किंवा लॉकच होत नाहीत, तसं झालं तर दारं सेंट्रल लॉकने लावून ड्रायव्हरचं दार शेवटी किल्लीने लावा.) रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, बाजूचा खटका दाबला की निघते. ड्रायव्हरच्या दाराला किल्लीचं भोक असतंच, पुष्कळ गाड्यांत ते हँडलच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. जायच्या आधी एकदा त्या किल्लीने दार उघडून बघा, वर्षानुवर्षं न वापरलेलं लॉक जाम झालेलं असतं. अलार्म मात्र चालणार नाही हे धरून चला.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, बॅटरी नसली की गिअर पी मधून निघत नाही. सोसायटीवाल्यांनी मधेच रंगकामासाठी गाडी सरकवा म्हटलं तर पंचाईत. शिफ्ट लॉकची छोटी खाच असते लिव्हरजवळ, मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. आणि ज्यांची बॅटरी डिकीत आहे आणि डिकी बटनावर उघडते त्यांनी टर्मिनल काढून डिकी आपटण्याआधी दोनदा विचार करा हाहा.

देवगड_हापूस
आमची गाडी गावी असते, गणपतीनंतर जी उभी राहते ती शिमग्यालाच हलते. मुंबईहून रेल्वेने यायचं आणि गावात फिरायला गाडी, असं आमचं. अंगणात ऊन आहे म्हणून १० वॅटचं सोलर पॅनल मांगराच्या कौलांवर टाकलंय, छोटा कंट्रोलर मधे घातलाय आणि वायर डायरेक्ट बॅटरीला. सिगरेट लायटरला लावून उपयोग नाही, इग्निशन बंद केलं की बऱ्याच गाड्यांत ते सॉकेट मरतं, लोक पॅनल लावून खूश आणि बॅटरी आपली उतरतेच आहे. १० वॅटवाल्याकडून चांगल्या उन्हात दिवसाला दोन-अडीच एएच सहज येतात, गाडी खाते पाऊण. डॅशबोर्डवर काचेच्या आत ठेवलं तर पुष्कळ कमी मिळतं. कंट्रोलर किंवा निदान डायोड पाहिजेच, नाहीतर रात्री पॅनलच बॅटरी पितं.

पावसात मात्र याचं काही खरं नाही. आणि खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा जमतो तो गरम पाणी नि खायचा सोडा घालून धुवायचा, कोरडं करायचं, वर व्हॅसलीन.

अवांतर: बॅटरीपेक्षा आम्हाला उंदरांनी जास्त पिडलंय. वायरिंगचं कव्हर चवीने खातात. डांबराच्या गोळ्या, तंबाखू, सगळं करून झालं, आमच्याकडच्या उंदरांना तंबाखूचं व्यसन लागलंय बहुतेक.

बर्फाळ_वऱ्हाडी
राजेहो, मी मूळचा अकोल्याचा, आता एडमंटनला. दोन्हीकडची टोकं पाह्यलीत म्हणून लिहितो. लोकाइले वाटते थंडी बॅटरी मारते. मारते अकोल्याचा मे महिना, थंडी फक्त मेलेली दाखवून देते. तापमान दहा डिग्री चढलं की बॅटरी आपोआप उतरायचा वेग अंदाजे दुप्पट होते. वर ते महिन्याला तीन ते पाच टक्के लिहिलंय ते पुण्याच्या हिवाळ्यात ठीक, पण विदर्भात पंचेचाळीसच्या उन्हात पत्र्याखाली गाडी असंन तर तो हिशोब धरू नका, दीड-दोन महिन्यांत एकदा भरून घ्यालेच पाह्यजे. जुनी पाणी घालायची बॅटरी असंन तर उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी पण पाहा.

इकडे उलटं. उणे तीसले इंजिन ऑइल घट्ट, सेल्फले जास्त करंट लागते आणि बॅटरी तेव्हाच कमी देते. म्हणून इथं बॅटरी घेताना एएच कोणी पुसत नाही, सीसीए पुसतात, म्हणजे उणे १८ ले ३० सेकंद किती अँपिअर देईन. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर प्लग असते, इंजिनचा ब्लॉक हीटर लावाले. ताई जर्मनीत गाडी घेणार असतीन तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासलेही गोठत नाही, पण पार उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठते. गोठलेल्या बॅटरीले जंप मारू नका, चार्जर लावू नका, फुटू शकते.

रिकामा_डबा
एक बावळट प्रश्न. काचेवरच्या फास्टॅगमुळे पण बॅटरी उतरते का? आमच्या ग्रुपवर आलं होतं.

गणिती_बाळ
नाही हो. फास्टॅगला गाडीची वायर तरी कुठे आहे? त्यात स्वतःची बॅटरीही नसते. टोलनाक्यावरचा रीडर जे सिग्नल सोडतो त्याच्यावरच तो क्षणभर जागा होऊन नंबर सांगतो. त्या ग्रुपमधून बाहेर पडा.

सोसायटीग्रस्त
सेक्रेटरी या विषयावर वेगळा धागा काढायला हवा. आमच्याकडे पण बेसमेंटच्या सॉकेटवरून तीन मीटिंगा झाल्या. मी शेवटी कागदावर हिशोब लिहून दिला. बॅटरी मेंटेनर म्हणून जो छोटा चार्जर मिळतो तो एक अँपिअरचा, भिंतीतून धरा २० वॅट. दिवसरात्र पूर्ण जोरात चालला तरी दिवसाला अर्ध्या युनिटच्या आतच, आणि बॅटरी भरली की तो साडेतेरा व्होल्टच्या आसपास येऊन नुसता धरून ठेवतो, तेव्हा तर नाइट लॅम्पइतकंही खात नाही. कॉमन मीटरचे पैसे आगाऊ देतो म्हटलं. तरी एका सभासदांचं म्हणणं की आज बॅटरी, उद्या हे इस्त्री करतील.

मिळाली शेवटी परवानगी, वॉचमनच्या केबिनशेजारच्या पार्किंगवाल्याशी जागा अदलाबदल करून. ज्यांना प्लग मिळतो त्यांच्यासाठी हेच सगळ्यात उत्तम, टर्मिनल काढायची कटकट नाही, अलार्म चालू, घड्याळ चालू. पण चार्जर ऑटो पाहिजे, म्हणजे भरल्यावर स्वतःहून फ्लोटवर जाणारा. दुकानातला जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर महिनोन्महिने लावून ठेवला तर तो थांबत नाही, पाणी उकळवून बॅटरीच संपवतो.

वायरमन_कोल्हापूर
बरोबर. भर घालतो, स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतोय, चार्जरची काळी क्लिप त्या पोस्टला न लावता बॉडीच्या पॉइंटला लावा, नाहीतर गाडीला कळतच नाही की बॅटरी भरली. आणि एजीएम बॅटरी (ॲसिड काचेच्या चटईत शोषलेली, सीलबंद) असली तर चार्जरवर एजीएम मोड आहे का बघून घ्या.

भाजणी
घरी इन्व्हर्टर आहे, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी. कारची बॅटरी काढून वर नेऊन इन्व्हर्टरला जोडली तर भरेल ना? मिस्टर म्हणतायत भरेल, मला धाकधूक वाटतेय.

वायरमन_कोल्हापूर
वैनी, धाकधूक बरोबर हाय तुमची. भरंल, पण इन्व्हर्टर त्या दीडशेच्या बॅटरीच्या हिशोबानं दहा-पंधरा अँपिअर सोडतोय. कारच्या ३५ च्या बॅटरीला हळू चार्जिंग म्हंजे दहावा हिस्सा, साडेतीन अँपिअर. तिप्पट-चौपट करंटनं तापती, गॅस सोडती. तो गॅस हायड्रोजन असतोय आणि हॉलमध्ये कोपऱ्यात देवघर, देवघरात दिवा. नको. बॅटरीवाला शे-दोनशे रुपये घेतोय, द्या त्याला.

ईव्ही_आहे_हो
आमची इलेक्ट्रिक आहे, आम्हाला हे टेन्शन नाही असं मी दोन पानं वाचत बसलो होतो आणि मग आठवलं, आमच्यात पण १२ व्होल्टची बॅटरी आहेच की! ती मेली तर काय?

घाटमाथा
ती मेली तर मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी ढिम्म. दारं, स्क्रीन, मोठ्या बॅटरीचा कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारा मोठा स्विच), सगळं त्या १२ व्होल्टवर चालतं, कॉन्टॅक्टर जोडला गेला नाही तर चार्जिंगसुद्धा सुरू होत नाही. काही गाड्या उभ्या असताना मधेमधे स्वतःच मोठीतून छोटी भरून घेतात, काही नाही घेत, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. मोठी बॅटरी लांबच्या मुक्कामाला १०० टक्के भरून ठेवू नका, तळालाही नको, निम्म्याच्या आसपास. आणि मोबाइल अॅपवरून दर तासाला गाडी उघडून बघू नका, प्रत्येक वेळी तिला उठवताय.

तिरफळ
सगळ्यांचे खूप आभार. ठरवलंय असं: जायच्या आदल्या दिवशी बॅटरी रात्रभर चार्जिंगला, सकाळी मल्टीमीटरने बघून निगेटिव्ह काढणार, घाटमाथांच्या क्रमाने लॉक करणार. लोखंडी किल्ली आत्ताच लावून बघितली, खरंच जाम होती, ग्रीस स्प्रे मारल्यावर फिरली. काकांना किल्ली देतेय पण कागदावर लिहून, की फक्त आग लागली तर. काका नाराज आहेत. टायर आणि हँडब्रेकबद्दल काही?

रिकामा_डबा
हँडब्रेक लावून ठेवू नका, लायनर चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा नि चाकांना विटा लावा. हवा चार-पाच पीएसआय जास्त. पीयूसी आणि इन्शुरन्स मधे संपत नाही ना तेवढं बघा.

सोसायटीग्रस्त
विटा सोसायटीच्या कामावरच्या उचलू नका, मीटिंगमध्ये विषय येईल.

नवखा_ड्रायव्हर
धागा वर काढतोय, सॉरी, पण इमर्जन्सी आहे. गाडी तीन आठवडे उभी होती, आता नुसता टकटक आवाज येतोय आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत. शेजाऱ्यांची गाडी आणि जंपर केबल आहे. धक्का मारू का केबल लावू? केबल लावायची तर कुठली आधी?

वायरमन_कोल्हापूर
दिवे मंद म्हंजे बॅटरीच. धक्का नको, ऑटोमॅटिक असली तर चालतच नाही, आणि मॅन्युअलला पण बॅटरी पार झोपलेली असली तर पेट्रोल पंपाला, ईसीएमला करंटच नसतोय, नुसतं ढकलत बसाल.

केबल अशी लावा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकीला टेकलेल्या नकोत. लाल तुमच्या मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक शेजाऱ्यांच्या प्लसला. काळी शेजाऱ्यांच्या मायनसला. आणि शेवटचं काळं टोक तुमच्या बॅटरीला नाही लावायचं, तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं, बॅटरीपासनं लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडती, ती बॅटरीजवळ पडायला नको. शेजाऱ्यांची गाडी चालू करून पाच मिनिटं ठेवा, मग तुमचा सेल्फ. काढताना बरोब्बर उलट्या क्रमानं.

नवखा_ड्रायव्हर
चालू झाली!!! दुसऱ्याच सेल्फला. आता बंद करू का? जेवायला बोलावतायत.

वायरमन_कोल्हापूर
बंद केली तर परत केबल लागंल. एसी, गाणी, लाइट सगळं बंद ठेवून हायवेला तासभर फिरवून आणा, आणि तेवढ्यानं पण फुल होणार नाही, रात्री चार्जरला लावा नाहीतर बॅटरीवाल्याकडं द्या. उद्या सकाळी मीटर लावून आकडा इथं टाका. चार्जिंग करून पण १२.४ च्या खाली आला तर बॅटरीवाल्याला लोड टेस्ट करायला सांगा, आणि बॅटरीचं वॉरंटी कार्ड शोधून ठेवा.

नवखा_ड्रायव्हर
निघालो. कार्ड मागच्या मालकाकडे असणार, त्यांना फोन लावतो.